फादर गेले. आता भेटायला कुणाच्या घरी जायचं?

मांजराकाठ · मंगळवार, दुपारी १:१०

आज सकाळी सव्वासहाला बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच ओळ आली: 'फादर गेले.' मी झोपेतच उलट विचारलं, 'कुठं?' खरंच विचारलं. कारण फादर कायम कुठंतरी गेलेलेच असायचे. विद्यापीठात, नॅकच्या कामाला, कुणाच्या लग्नाला, कुणाच्या मातीला. खाली हात जोडलेल्या खुणांची रांग लागली तेव्हा उठून बसलो.

पहाटेच्या मिस्साची, म्हणजे चर्चमधल्या उपासनेची, तयारी करताना छातीत कळ आली म्हणे. लातूरला नेईपर्यंत संपलं होतं. काल संध्याकाळी तर ग्राउंडवर उभं राहून पोरांना ओरडत होते.

कॉलेजचं नाव मुद्दाम टाकत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळलं. फादर मूळचे केरळचे. आम्हाला इंग्रजी शिकवायला होते, सोबत हॉस्टेलचे रेक्टर, आणि पुढं प्राचार्य. आम्ही शेवटपर्यंत 'सर' म्हटलंच नाही. गावातले म्हातारे तर त्यांना 'फादरसाहेब' म्हणायचे, फौजदारसाहेब म्हणतात तसं.

आता मुद्दा. आपल्याकडं कुणी गेलं की माणूस काय करतो? मातीला जातो. मातीला जमलं नाही तर दोन-चार दिवसांत भेटायला जातो. दारात चपला काढायच्या, सतरंजीवर बसायचं, पोराच्या पाठीवर हात ठेवायचा, 'कसं झालं?' एवढं विचारायचं आणि गप्प राहायचं. फादरला बायको नाही, लेकरं नाहीत, भाऊबंद हजार-बाराशे किलोमीटरवर. मी रजा टाकली, गाडी काढली, आणि बार्शी रोडला लागल्यावर कळेना की मी चाललोय कुणाकडं. बाजूला गाडी लावून हे लिहितोय.

तुम्ही कुणी अशा वेळी काय केलंय का?

---

कडब्याची_गंजी · मंगळवार, दुपारी १:३२

अरे देवा. मला आत्ता इथंच कळालं.

सोयाबीन काढणी चालूय, मशीन रानात उभं आहे. मजुरांना सुट्टी देतो म्हटलं तर बाप म्हणाला, 'कोण गेलं?' फादर म्हटल्यावर त्यानंच मशीन बंद केलं.

---

जालनेकरीण · मंगळवार, दुपारी २:०५

तुमच्या फादरना मी ओळखत नाही, पण प्रश्न वाचून थांबले.

आमच्या जालन्याकडं ख्रिस्ती वस्ती जुनी आणि बहुतेक प्रोटेस्टंट. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल वसवलं, तेव्हापासूनची. आमच्यात पाळक असतात आणि पाळकांना संसार असतो. पाळकसाहेब वारले तर पाळकीणबाई असतात, मुलं-सुना असतात, तुम्ही म्हणता तसं घर असतं. कॅथलिक फादर मात्र लग्न करत नाहीत. त्यामुळं हा प्रश्न मला लहानपणी कधी पडलाच नाही. आमच्या शेजारच्या सिस्टर वारल्या तेव्हा पहिल्यांदा पडला. आई डबा घेऊन निघाली आणि गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली. डबा द्यायचा कुणाला? शेवटी कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकिणीच्या हातात दिला आणि तिच्याच गळ्यात पडून रडली.

सगळे ख्रिस्ती एकच, असं लोक धरून चालतात म्हणून हे सांगितलं. विषयांतर वाटलं तर माफ करा.

---

मांजराकाठ · मंगळवार, दुपारी २:११

विषयांतर कसलं? तेच तर विचारतोय मी.

---

किल्लारीचा · मंगळवार, दुपारी ३:४०

मी कॉलेजचा विद्यार्थी नाही. मी त्यांना त्याच्या आधीपासून ओळखतो.

१९९३. मी सातवीत होतो. अनंत चतुर्दशीला गणपती बुडवून गाव झोपलं होतं, ३० सप्टेंबरची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. आमचं घर म्हणजे दगड-मातीच्या हात-दोन हात जाड भिंती आणि वर माळवद. तसंच सगळ्या गावाचं. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात ऊबदार, आणि त्या रात्री सगळं अंगावर. आजी आणि धाकटी बहीण गेली. पुढचं लिहीत नाही.

मग मदत यायला लागली. महाराष्ट्रभरातून, बाहेरून. जुने कपडे एवढे आले की रस्त्याच्या कडेला ढीग लागले. त्या गर्दीत एक काटकुळा पोरगा होता. अजून फादर झालेला नव्हता, शिकत होता, सगळे 'ब्रदर' म्हणायचे. त्याला मराठीचे दोनच शब्द येत: 'पाणी' आणि 'बसा'. पाण्याची बादली घेऊन तो शेडाशेडातून फिरायचा. कुणी नुसतं उभं असलं, म्हणजे त्या दिवसांत माणसं तासन् तास नुसती उभी राहायची, की त्याच्याजवळ जाऊन म्हणायचा, 'बसा.' आणि स्वतःही शेजारी बसायचा. बोलायला काही येतच नव्हतं त्याला. माझा बाप पाच दिवस कुणाशी बोलला नव्हता, तो या पोराजवळ बसायचा. मला वाटतं, त्याला मराठी येत नव्हतं म्हणूनच बसायचा.

५२ गावं उठवून नव्या जागी वसवली, तेव्हा आम्हीही नव्या गावठाणात गेलो. ब्रदर परत गेले, शिक्षण संपवून फादर होऊन याच भागात आले. 'मी भूकंपात आलो' असंच सांगायचे, जसं कुणी 'मी एसटीनं आलो' सांगतं.

बापाला अजून सांगितलेलं नाही. संध्याकाळी सांगतो.

---

कोपीतला_पांडव · मंगळवार, दुपारी ४:१५

वरचं वाचून कळालं की कॉलेजची नवी बिल्डिंग उभी राहताना हा माणूस रोज संध्याकाळी टेप घेऊन सळया का मोजायचा. कंत्राटदार वैतागून म्हणाला होता, 'फादर, तुम्ही प्रार्थना करा, सळई आमच्यावर सोडा.' त्यावर फादर: 'प्रार्थना झाली. आता सळई दाखव.'

मराठी बोलायचे झकास, पण लिंगाचा घोळ शेवटपर्यंत गेला नाही. 'ती मुलगा कुठंय? तो फाईल आण.' एकदा भर वर्गात आम्हालाच विचारलं, 'खुर्ची बाई आणि टेबल नपुंसक, हे कोण ठरवलं? गावची पंचायत?' वर बोली आपली लातूरची. बाहेरून आलेले पाहुणे चक्रावायचे. पांढरा झगा, मल्याळी हेल, आणि 'काय करायलास रे तिथं?'

आमच्या रानात येळवशीला दरवर्षी यायचे. बाहेरच्यांसाठी: लातूर-धाराशिवकडं वेळ अमावस्येला आख्खं गाव रानात जातं. कडब्याची कोप करायची, आत पांडव मांडायचे, पूजा करायची, मग आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे. फादर कोपीसमोर हात जोडून उभे राहायचे, आत वाकायचे नाहीत, आणि कुणी आग्रहही करायचं नाही. मग आंबिलीवर आडवा हात. तिसरा तांब्या संपवताना आमची आजी म्हणायची, 'फादरसाहेब, झोप लागंल.' लागायचीच. चिंचेखाली पोत्यावर, झगा गुडघ्यापर्यंत वर, घोरत.

---

आडवा_तिडवा · मंगळवार, संध्याकाळी ५:५०

सगळे रडायलेत, मी रडणार नाही. राग आला तर येऊ द्या.

बीए दुसऱ्या वर्षाला माझी हजेरी ७५ टक्के भरली नाही. मायबाप ऊसतोडीला होते, धाकट्या भावाला ताप आला म्हणून दोन महिने मी फडावर गेलो होतो. परत येऊन सगळं सांगितलं, हातापाया पडलो. फादर म्हणाले, नियम आहे. फॉर्म घेतला नाही. वर्ष गेलं. त्याच वर्षी दुसऱ्या एकाचा फॉर्म घेतला, त्याचा मामा कोण होता ते सगळ्यांना माहीत आहे. त्यांनी घेतला का ऑफिसानं परस्पर घेतला, ते मला आजपर्यंत कळलं नाही. पण दार माझ्या तोंडावर लागलं, ते त्यांच्या हातानं.

त्यांना देव करू नका एवढंच म्हणणं आहे.

---

हुरडापार्टी · मंगळवार, संध्याकाळी ६:०२

आजच्या दिवशी हे लिहायची गरज होती का?

---

जालनेकरीण · मंगळवार, संध्याकाळी ६:०९

होती. आज नाही लिहायचं तर कधी? तेराव्याला तर सगळेच गोड बोलतात.

---

मांजराकाठ · मंगळवार, संध्याकाळी ६:४४

@आडवा_तिडवा, तुझी बॅच माझ्यानंतरची दिसते. मी तेव्हा कॉलेजात ग्रंथालयात हंगामी कामाला होतो. दुसऱ्याचा फॉर्म कसा गेला हे मला माहीत नाही. पण एक माहीत आहे. पुढच्या वर्षापासून दसऱ्याच्या आधी हॉस्टेलच्या दहा खाटा ऊसतोडीच्या लेकरांसाठी राखून ठेवायला लागले, सोबत लहान भावंड असलं तर त्याच्यासकट. मॅनेजमेंटनं कटकट केली की कॉलेजच्या हॉस्टेलात चौथीतली पोरं कशी. ते पाच-सहा वर्षं तसंच चाललं. का सुरू केलं हे त्यांनी कधी सांगितलं नाही. मी आज जोडून बघतोय. चूक असेल माझी.

---

आडवा_तिडवा · मंगळवार, संध्याकाळी ७:२०

हे माहीत नव्हतं.

तरी माझं वर्ष गेलं ते गेलंच.

---

मांजराकाठ · मंगळवार, संध्याकाळी ७:२३

गेलंच. त्यात वाद नाही.

---

दिवावात · मंगळवार, रात्री ८:१५

मी कॅथलिक, जवळच्या गावची. चार-पाच जणांनी निरोपात तेच ते विचारलं म्हणून इथं एकदाच लिहिते.

माती गुरुवारी सकाळी दहाला. केरळहून थोरले भाऊ येतायत म्हणून थांबलेत. आमचा धर्मप्रांत १९७७ चा, औरंगाबादचा (शहराचं नाव बदललं तरी तोंडात तेच येतं). बिशप येतील, मिस्साला बरेच फादर एकत्र उभे राहतील.

चर्चमध्ये कुणीही येऊ शकतं. सगळे उभे राहिले की उभं राहा, बसले की बसा, गुडघ्यावर यायलाच पाहिजे असं नाही. ख्रिस्तप्रसाद वाटायला लागले की रांगेत जाऊ नका, जागेवर थांबा. तो देवळातल्या प्रसादासारखा सगळ्यांसाठी नसतो, आणि न घेतल्यानं अपमानही होत नाही. हार आणले तरी चालतील, पण फादरना हार आवडायचे नाहीत हे सगळ्यांना ठाऊक आहे.

एक गोष्ट बघून दचकू नका. आमच्याकडं साध्या माणसाची पेटी चर्चमध्ये ठेवताना पाय वेदीकडं असतात, म्हणजे आयुष्यभर जसा लोकांत बसून वेदीकडं बघत होता तसाच. धर्मगुरूची पेटी रिवाजानं उलटी ठेवतात, तोंड लोकांकडं.

नंतर दफनभूमीत प्रत्येक जण मूठभर माती टाकतो. ती कुणीही टाकावी.

---

शेख_टेलर · मंगळवार, रात्री ८:४०

माती तर आमच्यातही देतात. येतो मी.

फादरचे झगे मीच शिवायचो. खिसा नेहमी वाढवून मागायचे, कोपरापर्यंत हात जाईल एवढा. खडू, किल्ल्या, पोरांकडून जप्त केलेले मोबाईल, सगळं त्यात. दिवाळीच्या आत एक नवा द्यायचा होता. कापून ठेवलाय. त्याचं काय करू ते सुचंना.

---

हुरडापार्टी · बुधवार, सकाळी ९:३०

चौकात मोठा फ्लेक्स लावायचं ठरतंय. फोटो कुणाकडं चांगला आहे? वर्गणी शंभर रुपये.

---

कोपीतला_पांडव · बुधवार, सकाळी ९:३६

फ्लेक्स? ज्या माणसानं स्वतःच्या वाढदिवसाचा फ्लेक्स ब्लेडनं कापून हॉस्टेलच्या गळक्या छतावर अंथरला, त्याचा?

---

हुरडापार्टी · बुधवार, सकाळी ९:४१

बरं बाबा. राहिलं.

---

चष्मेबद्दूर_धाराशिव · बुधवार, दुपारी १२:२०

जानेवारी २०२० मध्ये आमच्या उस्मानाबादला (तेव्हा उस्मानाबादच होतं) ९३ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो. एक ख्रिस्ती धर्मगुरू अध्यक्ष म्हणून आधी किती गदारोळ झाला ते आठवत असेल. तुमचे फादर वीस-पंचवीस पोरं घेऊन एसटीनं आले होते. मी स्वयंसेवक होतो. पांढरा झगा बघून एका कार्यकर्त्यानं त्यांना थेट व्यासपीठाकडं न्यायला धरलं. 'मी नाही तो,' फादर म्हणाले, 'त्याची मराठी चांगली आहे.' आणि पोरांना घेऊन पुस्तकांच्या गाळ्यात शिरले.

---

कडब्याची_गंजी · बुधवार, दुपारी २:५०

मांजराकाठ, तुझ्या प्रश्नावर रात्रभर विचार केला. आपण एकदा त्यांनाच भेटायला गेलो होतो, आठवतं का? त्यांची आई वारली तेव्हा.

२०१६ चा उन्हाळा. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, हॉस्टेलला माणशी दीड बादली. फादर गावाकडं जाऊन, सगळं उरकून आठ दिवसांनी परत आले. आपण चाळीसेक पोरं त्यांच्या खोलीसमोरच्या व्हरांड्यात जाऊन बसलो. सांगितलं कुणीच नव्हतं. फादर दार उघडून बघतच राहिले. आधी वाटलं, आपण पाण्यासाठी मोर्चा आणलाय. 'टँकर पाचला येणार,' म्हणाले. कुणी काही बोलेना. मग म्हणाले, 'अभ्यास झाला का?' तरी कुणी बोलेना. मग बिस्किटचे पुडे घेऊन आले, कुणी घेईना. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. पुडे तसेच हातात धरून आपल्यात खाली बसले. अर्धा तास. मला वाटतं, त्यांचं रडू आपण कुणी बघितलं नाही, कारण आपण सगळे खाली मान घालून बसलो होतो.

---

मांजराकाठ · बुधवार, दुपारी ३:०४

आठवतं. मी पार्ले-जी कडं बघत होतो. भूक लागली होती आणि लाज वाटत होती.

---

किल्लारीचा · बुधवार, रात्री १०:१०

बापाला सांगितलं. बराच वेळ गप्प होता. मग विचारलं, 'कोण बसलंय त्याच्यापाशी?'

उद्या त्याला घेऊन येतोय. गुडघे गेलेत, चर्चच्या पायऱ्यांपाशी कुणीतरी हात द्या.

---

मांजराकाठ · शनिवार, सकाळी ११:२५

गुरुवारचं लिहायचं होतं, दोन दिवस जमलं नाही.

गर्दी किती ते सांगत नाही, सांगितलं तर फुगवून सांगेन. चर्चच्या बाहेर कडुलिंबाखाली जेवढे होते तेवढे आत मावले नसते. दिवावात यांनी सांगितलं होतं तरी दचकलोच. पेटीतलं तोंड आमच्याकडं. वर्गात मागच्या बाकावर बघायचे तसंच वाटलं, मी सवयीनं हातातला मोबाईल खिशात टाकला. मागं शेख टेलर उभे होते, अर्धा शिवलेला झगा घडी करून काखेत. तो त्यांनी पेटीत पायाशी ठेवला. सिस्टरनी अडवलं नाही.

परतीच्या पावसानं काळी माती नुसता चिखल झाली होती. मूठ सोडली तरी हाताला चिकटून राहायची. बिशपपासून आमच्यापर्यंत सगळे बोटं झटकत उभे.

आता माझ्या प्रश्नाचं. माती झाल्यावर लोक पांगले, आणि आम्ही पंधरा-वीस जण पाय नेतील तिकडं निघालो. पाय व्हरांड्याकडं निघाले. तिथं आधीच सतरंजी अंथरलेली होती. एका टोकाला मेसच्या मावशी, मधे फादरचे थोरले भाऊ. ऐंशीच्या घरातले, पांढरी मुंडू, मराठीचा एक शब्द येत नाही. आम्ही बसलो. मला वाटलं, यांना हे काय चाललंय ते कळणार नाही, कुणीतरी इंग्रजीत समजावून सांगावं. कॉलेजातल्या तरुण फादरना तसं म्हटलं, त्यांना मल्याळम येतं. ते हळूच म्हणाले, 'सतरंजी यांनीच मागून घेतली. सकाळी आल्या आल्या.'

फादरनी त्यांना आईच्या वेळचं फोनवर सांगितलं होतं म्हणे. की तिकडं माणसं येतात आणि काही बोलत नाहीत, नुसती बसतात. काही खायला देऊ नकोस, घेत नाहीत.

किल्लारीच्या काकांना मी आणि पांडव धरून वर घेऊन आलो. भावांनी त्यांच्याकडं बघितलं आणि थोडं सरकून जागा केली. दोघं म्हातारे खांद्याला खांदा लावून बसले. काकांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. दोघांच्याही हातांची माती अजून धुतलेली नव्हती.

भाऊ सातव्या दिवसाच्या मिस्सापर्यंत थांबतायत. तोवर सतरंजी उचलायची नाही असं मावशींनी बजावलंय. ज्यांना गुरुवारी जमलं नाही त्यांनी तिकडंच जावं.

---

आडवा_तिडवा · शनिवार, रात्री ९:५०

सध्या पुण्याला आहे. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं लातूरला पहाटे पोचतो. पुढं गाडी कधी आहे?

---

कडब्याची_गंजी · शनिवार, रात्री ९:५८

सहाची एसटी आहे, पण रविवारी तिचा भरवसा नाही. स्टँडवर उतरून फोन कर, नंबर निरोपात टाकतो. मी मोटारसायकल घेऊन येतो. स्वेटर आण, पहाटे गार असतंय.